लॅपटॉपवर आजीच्या ओव्या रेकॉर्ड करताना मधले शब्दच गायब होताहेत, मदत हवी

बोरीकाठ | शनिवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. मी अमळनेर तालुक्यातली. आजीच्या जात्यावरच्या ओव्या आणि कानबाईची, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीची, गाणी रेकॉर्ड करायला घेतलीयेत, सगळं अहिराणीत. आजीची पंच्याऐंशी उलटलीये आणि तिच्यासोबत गाणाऱ्या बायकांपैकी गावात आता एक मावशीच उरलीये, त्यामुळे पुढच्या वर्षी बघू असं म्हणून चालणार नाही. श्रावणात कानबाई बसायच्या आत निदान निम्मं तरी हातात हवंय.

सामान साधंच आहे, विंडोज ११ चा लॅपटॉप, यूएसबी माईक आणि रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी सॉफ्टवेअर. त्रास असा की आजी ओवीची शेवटची ओळ लांबवते ना, तो लांबवलेला सूर अर्ध्यातच विरतो, कोणीतरी आवाज हळूहळू बंद केल्यासारखा, आणि पुढच्या ओवीचा पहिला शब्द अर्धा येतो. जात्याची घरघर तर जवळजवळ नाहीच, आणि मला ती हवीये! वरून अधूनमधून टिक असा आवाज येऊन एखादं अक्षर उडी मारतं. मागे बारीक घूं चालू असते ते वेगळंच. आजीला परत म्हण म्हटलं तर म्हणते पण तीच ओवी तशीच कधी येत नाही, नवीनच काहीतरी जोडते, म्हणजे रिटेक हा प्रकारच नाही इथे.

गिरणाकाठ | शनिवार, रात्री १०:४१

ऑडॅसिटी काढ आणि रिपर टाकून बघ. ६० दिवस फुकट वापरता येतं, मी पॉडकास्टला तेच वापरतो, मस्त चालतं.

बोरीकाठ | शनिवार, रात्री ११:३०

टाकलं दादा, आत्ताच करून पाहिलं. एवढ्या रात्री मावशीला त्रास नको म्हणून मीच जात्याजवळ बसून गायले. सेम टू सेम. शेवटचा सूर गायब, घरघर गायब.

सातपुडा_पायथा | रविवार, सकाळी ७:०५

दोन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये अगदी तोच दोष येत असेल तर दोष सॉफ्टवेअरच्या आधीच लागलेला असतो. माईकमधून निघालेला आवाज थेट ऑडॅसिटीत जात नाही, मध्ये ड्रायव्हर (माईक आणि विंडोजची गाठ घालून देणारा प्रोग्राम) आहे, विंडोजची ऑडिओ सर्व्हिस आहे, आणि हल्ली नवीन लॅपटॉपवर कंपनीने आधीच टाकून दिलेलं एखादं ऑडिओ ॲप पण असतं. हे सगळे आवाजाला हात लावून मग पुढे देतात. म्हणून आधी हे सांग, आजी नुसती बोलते तेव्हा रेकॉर्डिंग ठीक येतं का? आणि ऑडॅसिटीत माईकच्या यादीत तुझा माईक एकदाच दिसतो की दोनदा?

बोरीकाठ | रविवार, सकाळी ८:५०

बोलते तेव्हा एकदम स्वच्छ येतं!! उलट जास्तच स्वच्छ, बाहेर कोंबडा ओरडला तो पण नाही आला. आणि हो यादीत दोन नावं आहेत, एक माईकच्या कंपनीचं आणि दुसऱ्यात एआय नॉइज असं काहीतरी आहे, तेच आपोआप निवडलेलं होतं.

सातपुडा_पायथा | रविवार, सकाळी ९:२०

मग सापडलं. ते दुसरं नाव म्हणजे खरा माईक नाहीच, लॅपटॉपच्या ॲपने तयार केलेला व्हर्च्युअल माईक आहे. ऑनलाइन मिटिंगमध्ये पंखा, कुलर, ट्रॅफिक ऐकू येऊ नये म्हणून तो बनवलेला असतो. त्याचं डोकं एवढंच चालतं की जे बोलण्यासारखं आहे ते ठेवायचं आणि जे एकसारखं चालू आहे ते गोंगाट समजून दाबायचं. आता जातं एकसारखं घरघरतं, ते गेलं. आजीने लांबवलेला सूर पण एकसारखाच आहे, एक-दीड सेकंद झाला की त्याला वाटतं हा पंखा असावा. मग तो दार लावून घेतो आणि पुढचा शब्द आला की उघडायला थोडा उशीर करतो, म्हणून पहिलं अक्षर कापलं जातं. शास्त्रीय गाणं, बासरी, सनई, सगळ्यांची हीच गत होते यात.

आता करायचं काय तर ऑडॅसिटीत वर ऑडिओ सेटअप बटण आहे, त्यात होस्ट म्हणून वासापी (WASAPI, विंडोजची आवाजाची स्वतःची वाट) निवड आणि रेकॉर्डिंग डिव्हाइसमध्ये माईकच्या स्वतःच्या नावाचं निवड. चॅनल मोनो, एकच माईक आहे तर स्टिरिओ करून फक्त फाईल दुप्पट होते. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, साउंड, तिथे खाली इनपुटमध्ये माईकवर क्लिक कर, ऑडिओ एन्हान्समेंट्स म्हणून असेल ते ऑफ. आणि लॅपटॉप कंपनीचं ॲप उघडून त्यातलं नॉइज कॅन्सलेशन पण बंद कर, कारण काही लॅपटॉपवर ते खऱ्या माईकलाही चिकटलेलं असतं. हे सगळं झाल्यावर ऑडॅसिटी पूर्ण बंद करून परत उघड.

गिरणाकाठ | रविवार, सकाळी ९:३३

हे माहीत नव्हतं राव. मी तर तो एआयवाला मुद्दाम ऑन ठेवतो.

सातपुडा_पायथा | रविवार, सकाळी ९:४०

पॉडकास्टला ठेव की, बोलण्यासाठीच आहे तो. गाण्याला नको.

बोरीकाठ | रविवार, दुपारी १२:१५

आली!!! घरघर आली, आजीच्या बांगड्या खुंट्याला लागतात तो आवाज पण आला, आणि सूर शेवटपर्यंत येतोय. आजीला हेडफोन लावून ऐकवलं तर म्हणे माले काय समजस यामा, पण दोनदा ऐकलं तिने. आता घूं जास्त स्पष्ट ऐकू येतेय मात्र, आधी ते ॲप तिलाही दाबत होतं बहुतेक. टिक पण आहेच.

धुळे_साउंडवाले | रविवार, दुपारी १:०२

ताई, माले बी सुरुवातले हाच तरास व्हता, लग्नाच्या स्टेजवर घूं आली की लोक आधी आमच्याकडेच बघतात. आमची साउंड सर्व्हिस आहे म्हणून विजेचं तेवढं सांगतो, सॉफ्टवेअरचं आपल्याला काही कळत नाही.

पहिलं काम, चार्जर काढा आणि बॅटरीवर रेकॉर्ड करून ऐका. घूं गेली तर ती चार्जरमधून यूएसबीच्या वाटेने माईकमध्ये येतेय. आपल्याकडे लाईट ५० हर्ट्झची, म्हणून घूं ५० ची आणि तिच्या दुपटीची १०० ची येते, जाड सुरात. दोन पिनचा चार्जर असेल आणि लॅपटॉपचं झाकण धातूचं असेल तर हात फिरवला की मुंग्या आल्यासारखं लागतं बघा, ते त्याचंच लक्षण.

दुसरं, घरात इन्व्हर्टर कोणता आहे? लाईट गेल्यावर आवाज घूं वरून कर्र असा झाला तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हवाला आहे. त्याची वीज गोल लाटेत नाही येत, पायऱ्या पायऱ्यांची येते, आणि त्या कडांचा कचरा वरच्या सुरांपर्यंत पसरतो, तो नंतर कशानेच साफ होत नाही. त्यावर चार्जर लावून रेकॉर्डिंग करूच नका.

तिसरं अर्थिंग. गावाकडे अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळसा घालून एकदा भरला की परत कोणी बघत नाही, मे महिन्यात तो पार कोरडा पडतो. बादलीभर पाणी ओता आणि वायरमनकडून चेक करून घ्या. एक मात्र करू नका, काही पोरं घूं घालवायला थ्री पिनची अर्थिंगची पिनच तोडून टाकतात. घूं जाते पण उद्या शॉर्ट झालं तर माईक धरणाऱ्या माणसाला बसतो झटका.

बोरीकाठ | रविवार, सायंकाळी ६:४०

काका बॅटरीवर घूं पूर्ण गेली. इन्व्हर्टरवर खरंच कर्र येतं, तुम्ही म्हणालात तसंच. सध्या आमच्याकडे दुपारी लाईट जातेच त्यामुळे सकाळी फुल चार्ज करून मग बसायचं असं ठरवलंय. आता फक्त टिक उरली.

मेहरूणची_बोरं | रविवार, सायंकाळी ७:१५

टिक म्हणजे ड्रॉपआउट असणार. ऑडॅसिटीच्या प्रेफरन्सेसमध्ये रेकॉर्डिंगखाली डिटेक्ट ड्रॉपआउट्स असा खूण करायचा एक चौकोन आहे, तो चालू असेल तर जिथे जिथे तुकडा गळतो तिथे खाली लेबल येतं. लेबलं येताहेत का बघ. येत असतील तर कॉम्प्युटरला आवाज वेळेवर लिहून घ्यायला जमत नाहीये. नसतील येत तर वायर, यूएसबीचं पोर्ट किंवा ड्रायव्हर बघावं लागेल.

आणि प्रोजेक्ट कुठे सेव्ह करतेस? डेस्कटॉपवर करत असशील तर ते डेस्कटॉप क्लाउडला सिंक होतंय का ते बघ, बऱ्याच नवीन लॅपटॉपवर आपल्याला न विचारता होत असतं. ऑडॅसिटी ३ पासून सगळं प्रोजेक्ट एकाच मोठ्या एयूपी३ फाईलमध्ये असतं, रेकॉर्डिंग चालू असताना ती सतत लिहिली जाते आणि त्याच वेळी सिंकवालं तीच फाईल वर चढवायला ओढतं, मग रस्सीखेच. सी ड्राइव्हमध्ये साधा फोल्डर कर, सिंक नसलेला, पेन ड्राइव्हवर तर अजिबात नको.

बोरीकाठ | रविवार, रात्री ९:०५

लेबलं येताहेत, भरपूर. डेस्कटॉप सिंकमध्ये होतंच. फोल्डर बदलला, टिक खूप कमी झाली पण गेली नाही.

मेहरूणची_बोरं | रविवार, रात्री ९:२२

मग वायफाय बंद करून बघ, एअरप्लेन मोडच टाक. वायफायचा ड्रायव्हर मध्येच प्रोसेसर अडवून धरतो आणि तेवढ्यात माईकचा तुकडा हुकतो, हे खूप कॉमन आहे. लेटन्सीमॉन नावाचं फुकट टूल आहे ते दहा मिनिटं चालू ठेवलं की कोणता ड्रायव्हर जास्त वेळ घेतो ते नावासकट सांगतं. पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्सवर ठेव, तू बॅटरीवर बसणार, बॅटरी उतरत आली की एनर्जी सेव्हर आपोआप चालू होऊ शकतो, तो बंद कर. अँटिव्हायरसचं स्कॅन शेड्यूल पण बघ. यूएसबी हब असेल तर काढ, माईक सरळ लॅपटॉपला.

गरमीचं पण लक्षात घे, जळगावात आत्ता पारा ४५ ला टेकलाय, अमळनेरला वेगळं काय असणार. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि फॅन बोंबलतो तो वेगळा. गादीवर ठेवू नको, खाली फरशीवर ठेव, माईकपासून लांब. जमलं तर पहाटेच बस, जात्याची वेळ पण तीच ना.

तापीकाठ | रविवार, रात्री १०:००

विंडोजच काढून टाका आणि लिनक्स टाका, एवढा व्याप राहणारच नाही.

मेहरूणची_बोरं | रविवार, रात्री १०:०३

भो, आजी पंच्याऐंशीची आहे. लिनक्स श्रावणानंतर.

बोरीकाठ | सोमवार, सकाळी ८:१०

पहाटे पाचला बसलो. वायफाय बंद, एनर्जी सेव्हर बंद, बॅटरीवर. चाळीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये एकही लेबल नाही. कुलर बंद ठेवता आला पहाटे हे सगळ्यात भारी झालं.

नंदुरबारी_मिरची | सोमवार, सकाळी १०:३०

धाग्यात घुसतोय माफी असावी, विषय तोच आहे. मी ऑनलाइन कंडेन्सर माईक मागवला, सोबत वायर आली, एका टोकाला तीन पिनचं मोठं गोल आणि दुसऱ्या टोकाला हेडफोनसारखी साधी पिन. लॅपटॉपला लावला तर काहीच येत नाही, ऑडॅसिटी मायनस ९९९९ एरर दाखवते. दुकानदार म्हणतो लॅपटॉप खराब आहे.

सातपुडा_पायथा | सोमवार, सकाळी ११:००

लॅपटॉप खराब नाही. दोन गोष्टी एकात एक अडकल्यात. लॅपटॉपला हेडफोनचं एकच भोक असेल तर ते चार कड्यांच्या पिनसाठी असतं, हेडफोन आणि माईक एकत्र. तुझ्या वायरच्या पिनवर काळ्या पट्ट्या मोज, दोन असतील तर ती तीन कड्यांची पिन आहे, लॅपटॉप तिला हेडफोन समजतो आणि माईक दिसतच नाही. वाय आकाराचा स्प्लिटर मिळतो, माईक आणि हेडफोनचं चित्र असलेला, तो लावावा लागेल. पण तो लावूनही समाधान होणार नाही, कारण कंडेन्सर माईकला खरं तर ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माईकच्या वायरमधूनच त्याला मिळणारी वीज) लागते आणि लॅपटॉपच्या भोकातून मोजके व्होल्ट येतात. स्वस्तातले काही तेवढ्यावरही चालतात पण आवाज खोल विहिरीतून येतो आणि वर सूंss. फँटम पॉवर देणारा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घे, नाहीतर माईक परत करून सरळ यूएसबीचा घे.

एररचं म्हणशील तर ९९९९ म्हणजे विंडोजने डिव्हाइस उघडू दिलं नाही एवढाच अर्थ. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मायक्रोफोन, तिथे अगदी खाली डेस्कटॉप ॲप्सना माईक वापरू द्या असं आहे ते ऑन पाहिजे. लोक वरच्या यादीत ऑडॅसिटीचं नाव शोधत बसतात, तिथे तिचं वेगळं बटण नसतं, सगळ्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरचं मिळून एकच आहे. ९९९७ आला तर सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) जुळत नाहीये, ऑडॅसिटीत आणि विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये दोन्हीकडे ४८००० कर. आणि ऑडॅसिटी उघडल्यानंतर माईक लावला तर तो यादीत येत नाही, ऑडिओ सेटअपमध्येच रिस्कॅन आहे ते दाबायचं.

नंदुरबारी_मिरची | सोमवार, सकाळी ११:४५

पट्ट्या दोनच आहेत. परत करतो. ब्लूटूथ हेडसेटच्या माईकवर भागवलं तर चालेल का तोपर्यंत?

सातपुडा_पायथा | सोमवार, सकाळी ११:५०

बोलण्यापुरतं चालेल. त्याचा माईक चालू झाला की नेहमीचा हेडसेट फोन कॉलच्या मोडमध्ये जातो, सॅम्पल रेट ८००० किंवा १६००० हर्ट्झ, म्हणजे वरचे सूर कापलेले. कानात येणारं गाणं पण त्याच क्षणी टिनपाट होतं. वर आवाज उशिरा येतो तो वेगळा. मोबाईलचा माईक त्यापेक्षा कितीतरी बरा.

धुळे_साउंडवाले | सोमवार, दुपारी २:१५

मोबाईलवरून आठवलं, बोरीकाठ ताई, लॅपटॉप चालू असला तरी बाजूला मोबाईलवर पण रेकॉर्डिंग लावूनच ठेवा, विमानातला मोड टाकून. रिटेक नाही म्हणता ना. सुरुवातीला एकदा जोरात टाळी वाजवा म्हणजे नंतर दोन्ही जुळवायला टोक सापडतं.

मेहरूणची_बोरं | सोमवार, दुपारी २:४०

काकांना अनुमोदन. शेवटी पण एक टाळी घे. दोन मशीनची घड्याळं तंतोतंत एक चालत नाहीत, तासाभरात सेकंदाचा काही भाग सहज सरकतो, सुरुवात जुळली तरी शेवट जुळत नाही. दोन्ही टोकांना टाळी असली की किती ताणायचं ते कळतं.

लेव्हलचं राहिलंच. आजी सगळ्यात मोठ्या आवाजात गाते तेव्हा मीटर उणे १२ ते उणे ६ डीबीच्या (डेसिबल, आवाजाचं माप) मध्ये राहिला पाहिजे. लाल लागलं म्हणजे क्लिपिंग, तो फाटलेला आवाज परत शिवता येत नाही, कमी आलेला वाढवता येतो. कानबाईच्या गाण्यात मावशी आणि आजी एकदम सुरू झाल्या की आवाज दुप्पट होतो म्हणून आधी दोघींना मिळून दोन ओळी म्हणायला लाव आणि त्यावर लेव्हल ठरव. माईक एका हाताच्या अंतरावर, तोंडासमोर नाही, जरा बाजूला, जातं आणि तोंड यांच्या मधल्या कोनात.

खोली कोणती आहे?

बोरीकाठ | सोमवार, दुपारी ३:०५

जातं मागच्या जुन्या घरात आहे, धाब्याचं, मातीच्या भिंती. पुढची खोली स्लॅबची, फरशी वगैरे.

मेहरूणची_बोरं | सोमवार, दुपारी ३:१२

जुन्या घरातच कर. मातीची भिंत आणि धाबं आवाज पितात, स्लॅबच्या रिकाम्या खोलीत घुमतो. कानबाईची गाणी पुढच्या खोलीत करायची असतील तर आजीच्या पाठीमागे आणि समोरच्या भिंतीला दोन-तीन गोधड्या टांग, खर्च शून्य.

शेवभाजी_स्पेशल | सोमवार, सायंकाळी ५:३०

नॉइज रिडक्शन लावून टाक नंतर, एकदम स्टुडिओसारखं होतं.

सातपुडा_पायथा | सोमवार, सायंकाळी ६:००

मूळ फाईलवर नको. ज्या घरघरीसाठी ताई भांडतायत तीच परत जाईल. ऐकवायची एक वेगळी कॉपी करायची आणि लावायचंच असेल तर फक्त पुढच्या खोलीतल्या गाण्यांना, गाणं सुरू व्हायच्या आधीच्या नुसत्या शांततेचे दोन-तीन सेकंद निवडून नॉइज प्रोफाइल घ्यायचं आणि ६ डीबीच्या आसपासच ठेवायचं. जास्त केलं की पाण्याच्या बुडबुड्यांसारखा आवाज येतो. मूळ ४८००० हर्ट्झ, २४ बिट, मोनो वेव्ह (WAV) फाईल ठेवायची, तासाला साधारण ५२० एमबी होते, आजच्या हार्ड डिस्कला हे काहीच नाही. दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरात.

अंजनी_खोरं | सोमवार, सायंकाळी ७:२०

ताई ओव्यांमध्ये लेवा बोली पण येते का अधूनमधून, की शुद्ध अहिराणीच? आमच्याकडे एरंडोलला मिसळलेली आहे.

संचालक | सोमवार, सायंकाळी ७:४५

बोलीची चर्चा छान आहे पण तिच्यासाठी वेगळा धागा काढा, इथे तांत्रिकच राहू द्या. नंतर शोधणाऱ्याला सापडत नाही.

बोरीकाठ | मंगळवार, सकाळी ९:३०

काढते वेगळा धागा, येते बरीच. सगळ्यांचे खरंच आभार, टाळी, गोधड्या, बॅटरी सगळं जमलं. एकच राहिलं, पहाटेचं रेकॉर्डिंग सुरतच्या काकांना व्हॉट्सॲपवर पाठवलं तर त्यांच्याकडे उघडतच नाहीये.

मेहरूणची_बोरं | मंगळवार, सकाळी ९:४१

एयूपी३ पाठवली असशील. ती फक्त ऑडॅसिटीतच उघडते. फाईल मेन्यूत एक्सपोर्ट ऑडिओ करून काकांसाठी एमपी३ बनव, आता वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. आणि पाठवताना ऑडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून जोड.

बोरीकाठ | मंगळवार, सकाळी १०:२०

गेली. काका म्हणतायत आवाज थोडा कमी आहे.

धुळे_साउंडवाले | मंगळवार, सकाळी १०:३५

काकांना मोबाईलचा आवाज वाढवायला सांगा ताई, लेव्हलला हात लावू नका.